बाळ पोटात गेल्यानंतर पुन्हा चान्स घेताना : रक्ताच्या गुठळ्यांची शंका असेल तर काय करायचं आणि कोणत्या तारखेला

माझी मुलगी 31व्या आठवड्यात पोटातच गेली. बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी, छाती दगडासारखी झालेली आणि आईने जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट बांधलेली, अशा अवस्थेत माझ्या हातात एक रिपोर्ट पडला : प्रोटीन एस, म्हणजे रक्त गोठणं आवरणारं प्रोटीन, कमी. संध्याकाळपर्यंत घरभर झालं की हिच्या रक्तातच दोष आहे. नऊ वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम केलं होतं. तरी तो कागद पाहून मला साधा प्रश्न सुचला नाही, की ही तपासणी आज करायची असते का?

नसते. गरोदरपणात प्रोटीन एस सगळ्यांचंच खाली येतं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी मूळ जागेवर जातं. तीन महिन्यांनी माझं नॉर्मल आलं. खरा दोष दुसराच निघाला, आणि त्याची तपासणी पहिल्या फेरीत कुणी सांगितलीच नव्हती. माझा मुलगा आज पाच वर्षांचा आहे. त्याच्या आधीची दोन वर्षं मी एका दोनशेपानी वहीत तारखा लिहून काढली. या दुखण्यात तपासणी असो, गोळी असो की इंजेक्शन, ते योग्य दिवशी झालं तरच कामाचं. म्हणून हा लेख तारखांच्या क्रमाने लिहिला आहे. औषधांचे डोस दिलेत ते डॉक्टर काय बोलतात ते तुम्हाला कळावं म्हणून. स्वतःहून सुरू करायला नव्हेत.

आधी मागच्या वेळचे कागद गोळा करा

बाळ गेलं की "गुठळी झाली असेल" हे वाक्य फार पटकन बोललं जातं. पण बाळ पोटात जाण्याची कारणं पुष्कळ आहेत : आईचा वाढलेला बीपी, साखर, बाळाची वाढ खुंटणं, वार आधीच सुटणं, जंतुसंसर्ग, गुणसूत्रांतला दोष, आरएच निगेटिव्ह रक्तगटाची गुंतागुंत, तळहात-तळपायांना खाज सुटणारा यकृताचा त्रास. बऱ्याच जणींच्या बाबतीत सगळं तपासूनही कारण सापडत नाही. गुठळ्यांचा दोष ही या यादीतली एक शक्यता आहे. तिचं वजन किती, हे मागच्या कागदांवरून ठरतं.

म्हणून दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड, सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, बीपीच्या नोंदी मागून घ्या आणि यातल्या गोष्टी वहीत उतरवा : कितवा आठवडा, बाळाचं वजन, बाळ दिसायला व्यवस्थित होतं का, शेवटच्या सोनोग्राफीत वाढ आणि पाणी कसं होतं, बीपी वाढला होता का, लघवीत प्रोटीन जात होतं का. वजनाकडे विशेष लक्ष द्या. आठवड्यांच्या मानाने बाळ फार बारीक असेल, तर वारेकडून रक्त नीट पोचत नव्हतं अशी शंका घेता येते. माझी मुलगी 31 आठवड्यांची, पण वजन 1 किलो 50 ग्रॅम. तो आकडा कागदावर होता, पण त्याबद्दल माझ्याशी कुणीही बोललं नाही.

वार, म्हणजे प्लॅसेंटा, हा सगळ्यात बोलका पुरावा. ती हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवली तर तिच्यात रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग आहेत का, गुठळ्या आहेत का, जंतुसंसर्ग आहे का, हे कळतं. माझी वार कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. कुणी विचारलं नाही आणि आम्हीही मागितली नाही. हा लेख वाचणाऱ्या कुणाच्या बहिणीवर, भावजयीवर आत्ता ही वेळ आली असेल, तर तिच्या वतीने तुम्ही मागा. वार फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, जाते. पण गुणसूत्रांच्या तपासणीसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही, तो सलाइनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशी मरतात आणि त्या तपासणीची संधी जाते. बाळाचं शवविच्छेदन बऱ्याच घरांत नको वाटतं, ते मी समजू शकते. तेव्हा निदान बाहेरून तपासणी, एक्स-रे आणि फोटो यांना हो म्हणा. बाळाची घडण व्यवस्थित होती हे कागदावर असणं पुढच्या निदानाला उपयोगी पडतं. कसं, ते पुढे येईलच.

रक्ताच्या तपासण्या : कोणत्या, आणि कितव्या दिवशी

दोन वेगवेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. त्या वेगळ्या ओळखता आल्या की निम्मा गोंधळ संपतो.

पहिली गोष्ट म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, थोडक्यात एपीएस. माझा खरा दोष हाच निघाला. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी 1983 मध्ये याचं वर्णन केलं. हा जन्मजात दोष नव्हे. शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. त्या रक्त गोठवायला मदत करतात, आणि वार गर्भाशयात नीट रुजण्यातही अडथळा आणतात. त्यासाठी तपासण्या तीन : ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन. शेवटच्या दोन्हींचे आयजीजी आणि आयजीएम असे दोन-दोन आकडे येतात. तिन्ही तपासण्या करायच्या. एकच करून "निगेटिव्ह आहे" म्हणणं अपुरं.

आता तारीख. यांपैकी काही पॉझिटिव्ह आलं, तर पहिलं रक्त काढल्याच्या दिवसापासून किमान 12 आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायची. बाळंतपणापासून नव्हे, पहिल्या रक्तापासून. 84 दिवस मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. एखाद्या तापानंतर, संसर्गानंतर या अँटिबॉडी काही काळ वर येतात आणि आपोआप जातात. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह आल्या तरच त्या मुक्कामाला आहेत असं मानतात. अँटिकार्डिओलिपिनचा आकडा 40 च्या वर असेल तर तो वजनदार. 15, 18, 20 असे आकडे लॅबच्या मर्यादेच्या जरा वर असले की लाल अक्षरात छापून येतात. त्या लाल अक्षरांनी घाबरू नका. त्यांचा अर्थ पुष्कळदा फारसा नसतो.

ल्युपस अँटिकोअॅग्युलंटबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माझ्या जुन्या कामाचा उपयोग होईल. नाव ऐकून ल्युपसचा आजार (शरीर स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करतं तो) झाला असं समजू नका. तो बऱ्याच जणींना नसतो. नावातला दुसरा शब्दही फसवा आहे : नळीत हे रक्त उशिरा गोठतं, शरीरात मात्र गुठळ्या करतं. या तपासणीचं रक्त फिक्या निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत घेतात आणि नळी खुणेपर्यंत भरावीच लागते. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. नळी अर्धी भरली तर रिपोर्ट चुकतो. मग प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट काढून टाकतात, आणि नमुना लांबच्या लॅबला जाणार असेल तर गोठवूनच पाठवावा लागतो. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर दुपारच्या उन्हात चार तास पडलेल्या नळीचा रिपोर्ट मी तरी मानणार नाही. तेव्हा शक्यतो तपासणी होते त्या मुख्य लॅबमध्ये सकाळी जाऊन रक्त द्या. हेपरिनची इंजेक्शनं किंवा रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी हा रिपोर्ट बिघडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जन्मजात दोष : फॅक्टर फाइव्ह लायडन, प्रोथ्रॉम्बिन जनुकातला बदल, प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनची कमतरता. पहिल्या दोन डीएनएच्या तपासण्या आहेत, त्या कधीही केल्या तरी चालतात. फॅक्टर फाइव्ह लायडनला नेदरलँड्समधल्या लायडन गावाचं नाव आहे, 1994 मध्ये तिथे तो सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, आपल्याकडे कमी. उरलेल्या तीन तपासण्या बाळंतपणानंतर किमान 6 आठवडे थांबून करायच्या, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू नसताना. माझी चूक हीच झाली होती.

आपल्याकडे तिसरा एक कागद हमखास निघतो : एमटीएचएफआर नावाच्या जनुकाची तपासणी. "जनुकात दोष आहे" असं त्यावर लिहून येतं आणि बाई रडत बाहेर पडते. हा बदल लोकांमध्ये इतका सर्रास आढळतो की त्यावरून बाळ जाण्याचं कारण ठरवता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना ही तपासणी करू नका असंच सांगते. होमोसिस्टीन (बी-12 किंवा फोलेट कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं असेल तर त्याआधी बी-12 पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या गावांत गर्भवतींची पाहणी केली, तेव्हा फोलेट बहुतेकींचं ठीक होतं आणि बी-12 बहुतेकींचं कमी. शाकाहारी घरात हे फार दिसतं. औषध स्वस्त आहे, सोपं आहे, आणि चान्स घेण्याआधीच सुरू करता येतं.

याच फेरीत साखर, थायरॉइड, बीपी, सीबीसी, रक्तगट आणि आरएच निगेटिव्ह असाल तर इनडायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या रक्ताविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी), आणि एएनए (ल्युपससारख्या आजारांची प्राथमिक तपासणी) हेही करून घ्या. एपीएस आणि ल्युपस कधी कधी जोडीने राहतात.

रिपोर्ट आले. आता तीन वाटा

तिन्ही अँटिबॉडींपैकी एखादी दोनदा, 12 आठवड्यांच्या अंतराने, पॉझिटिव्ह आली आणि 10 आठवड्यांनंतर घडणीने व्यवस्थित असलेलं बाळ दुसरं कारण न सापडता गेलं असेल, तर बहुतेक डॉक्टर एपीएस धरून उपचार करतात. बाळाच्या तपासणीचा कागद इथे कामी येतो. ही बातमी वाईट आहे, पण या विषयात उपचाराचा सगळ्यात भक्कम आधार असलेली वाट हीच. 1997 मध्ये लंडनमध्ये वारंवार गर्भपात झालेल्या, एपीएसच्या 90 बायकांवर एक चाचणी झाली. नुसती अॅस्पिरिन घेतलेल्यांपैकी 42 टक्के जणींना जिवंत बाळ झालं. अॅस्पिरिन आणि हेपरिन दोन्ही घेतलेल्यांपैकी 71 टक्के जणींना. या बायकांची बाळं सुरुवातीच्या महिन्यांत गेली होती, उशिरा नव्हे, हा फरक लक्षात ठेवून आकडा वाचा. तरी उपचाराची दिशा त्यातूनच आली.

दुसरी वाट : फक्त जन्मजात दोष सापडला. इथे मी जरा जोर देऊन लिहिते, कारण याच जागी बायकांना नऊ-नऊ महिने इंजेक्शनं दिली जातात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच देशांतल्या, जन्मजात दोष असलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या 326 जणी होत्या. हेपरिन घेतलेल्यांत 72 टक्के, न घेतलेल्यांत 71 टक्के बाळं जन्मली. म्हणजे बाळ वाचवण्यासाठी म्हणून त्या इंजेक्शनचा फरक पडला नाही. पण हा दोष आईसाठी महत्त्वाचा असू शकतो. तुमच्या स्वतःच्या पायात किंवा फुफ्फुसात कधी गुठळी झाली असेल, आई-बहिणीला झाली असेल, किंवा अँटिथ्रॉम्बिनची कमतरता असेल, तर तुमच्या जिवासाठी इंजेक्शन लागेल. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा : "हे इंजेक्शन बाळासाठी आहे की माझ्यासाठी?" उत्तर स्पष्ट मिळायला हवं.

तिसरी वाट : सगळं नॉर्मल. ही वाट मनाला सगळ्यात जड जाते, कारण बोट ठेवायला काहीच नसतं. तरी "कशाला धोका घ्या, इंजेक्शन देऊनच टाकू" याला लगेच मान डोलावू नका. मागच्या वेळी बीपी वाढला असेल किंवा बाळ बारीक असेल, तर कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि जवळून देखरेख याला आधार आहे. हेपरिनला अशा वेळी तितका नाही.

तिन्ही वाटांवरच्या बायकांनी एक आकडा जवळ ठेवावा. 2015 मध्ये श्रीमंत देशांतल्या 34 लाख स्त्रियांच्या नोंदींचा आढावा निघाला. एकदा बाळ पोटात गेलेल्या 100 जणींपैकी दोन-तीन जणींवर पुढच्या वेळी पुन्हा तीच वेळ आली. न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण हजारात चार होतं. धोका वाढतो हे खरं, एपीएसमध्ये आणखी वाढतो हेही खरं. पण शंभरातल्या सत्त्याण्णव जणींवर ती वेळ पुन्हा आली नाही.

निदान अडलं असेल तर रक्तविकारतज्ज्ञ म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे, एपीएस ठरलं तर र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडे एकदा जा, ल्युपस-एपीएससारखे आजार तेच पाहतात. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे गुठळ्यांच्या दोषांवर काम चालतं.

चान्स कधी घ्यायचा

"वर्षभर थांबा" हे सगळेच सांगतात. 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया, फिनलंड आणि नॉर्वेमधल्या बाळ गेलेल्या स्त्रिया पाहिल्या, तेव्हा वर्षाच्या आत दिवस राहिलेल्यांचा धोका त्यामुळे वाढलेला दिसला नाही. सिझेरियन झालं असेल तर मात्र टाक्यांसाठी थांबायला हवं. दोन बाळंतपणांत साधारण 18 महिने तरी असावेत. नॉर्मल बाळंतपण झालेल्यांना मी सांगेन : निदान 12 आठवड्यांची दुसरी तपासणी हातात येईपर्यंत थांबा. त्यापेक्षा किती, ते तुमचं शरीर आणि मन ठरवेल. सासरच्या मंडळींच्या घाईला किंवा भीतीला ते ठरवू देऊ नका.

या मधल्या काळात फॉलिक अॅसिड सुरू करा, बी-12 भरून काढा, साखर आणि थायरॉइड ताब्यात आणा. वॉर्फेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दिवस राहिल्यावर ती कधी बंद करून हेपरिन सुरू करायचं, हे आधीच लिहून घ्या. वॉर्फेरिन वारेतून बाळापर्यंत जातं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या घडणीला अपाय करतं. हेपरिन वार ओलांडत नाही.

आणि तपासण्या पुऱ्या होण्याआधीच दिवस राहिले तर? एकच पॉझिटिव्ह रिपोर्ट असताना डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. 84 दिवस वाट पाहत घरी बसू नका, त्याच आठवड्यात भेटा.

पाळी चुकली त्या आठवड्यात

घरी टेस्ट करा आणि दोन रेघा आल्या त्याच दिवशी फोन करा. एपीएसमध्ये कमी मात्रेची अॅस्पिरिन आणि हेपरिन इथूनच सुरू होतात, काही डॉक्टर अॅस्पिरिन चान्स घेण्याआधीपासून देतात. आपल्याकडे इकोस्प्रिन 75 किंवा 150 मिलिग्रॅम लिहून देतात. इतरांना बीपीच्या धोक्यासाठी अॅस्पिरिन द्यायची असेल तर ती 12 व्या आठवड्याच्या सुमारास, 16 आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. झोपताना घ्या. 2017 च्या चाचणीत 150 मिलिग्रॅम रात्री घेणाऱ्या, धोका जास्त असलेल्या बायकांत लवकर होणारा गंभीर बीपीचा विकार निम्म्याहून कमी झाला होता.

हेपरिन म्हणजे बहुतेक वेळा एनॉक्झापॅरिन, मध्यम वजनाच्या बाईला सहसा 40 मिलिग्रॅम रोज एकदा. खर्चाची बाब आहे, लपवण्यात अर्थ नाही : नऊ महिने रोज एक सिरिंज. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा असते. जनऔषधी केंद्रात आणि सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर आधी चौकशी करा. आणखी एक गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही : हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. धर्माच्या किंवा आहाराच्या कारणाने तुम्हाला हे अडचणीचं वाटत असेल तर संकोच न करता डॉक्टरांशी बोला. फोंडापॅरिनक्स नावाचं कृत्रिम औषध आहे, ते तुम्हाला चालेल का ते त्या ठरवतील.

रोजचं इंजेक्शन

पहिलं इंजेक्शन मी स्वतः घेतलं तेव्हा माझा हात थरथरला. हजारो लोकांच्या शिरा शोधलेला हात होता तो.

रात्री नऊची वेळ ठेवा, जेवणाची भांडी आवरल्यावर. हात धुवा, पलंगावर टेकून बसा. बेंबीपासून चार बोटं दूर, पोटाच्या बाजूला स्पिरिटने पुसून जागा वाळू द्या. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. तो काढायला गेलात तर औषध सांडतं, आणि तो राहिला तरी अपाय होत नाही. कातडीची घडी दोन बोटांत धरा, सुई सरळ उभी आत घाला, औषध सावकाश ढकला, सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नका. नंतर चोळायचं नाही. चोळलं की हमखास काळंनिळं होतं. आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. सातव्या महिन्यानंतर पोटाची कातडी ताणली की डॉक्टरांना विचारून मांडीवर घेता येतं. काळेनिळे डाग पडतातच, त्यांनी बाळाला काही होत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवा आणि दवाखान्यात परत द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात त्यात जातात.

सिरिंज 25 अंशांच्या आत ठेवायच्या, गोठवायच्या नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे अवघड जातं. म्हणून महिन्याचा साठा घरी भरण्यापेक्षा आठ-दहा दिवसांचाच आणा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. दात दुखला, कंबर दुखली म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल चालतं. उलट्यांनी पाणी कमी होऊ देऊ नका आणि लांबच्या एसटी प्रवासात दर थांब्याला उतरून चाला. एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, असं काही झालं तर त्याच तासाला दवाखाना.

सोनोग्राफी आणि हालचाल

ढोबळ वेळापत्रक असं असतं. 7-8 आठवड्यांत ठोके, 11 ते 14 मध्ये एनटी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी) आणि जमल्यास गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), 18 ते 20 मध्ये बाळाची घडण. 24-26 पासून दर दोन ते चार आठवड्यांनी वाढ, पाणी आणि नाळेचा डॉप्लर. 32 पासून एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख. मागचं बाळ त्याआधी गेलं असेल, तर त्या आठवड्याच्या एक-दोन आठवडे आधीपासून देखरेख वाढवतात. दर भेटीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन हवंच. प्रत्येक सोनोग्राफीतलं बाळाचं वजन वहीत तारखेपुढे लिहा. एका आकड्यावरून फारसं कळत नाही, चार आकडे एकाखाली एक आले की वाढ दिसते. सरकारी केंद्रात जाणाऱ्यांनी दर महिन्याच्या 9 तारखेचा सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस चुकवू नये आणि मागचं बाळ गेलं हे आशाताईंना सांगून जोखमीच्या यादीत नाव घालून घ्यावं.

सोनोग्राफीच्या टेबलावर मी एक वाक्य दर वेळी बोलायचे : "डॉक्टर, आधी ठोके दाखवा, मग मोजमापं घ्या." त्या पोटावर जेल लावून दोन मिनिटं गप्प राहिल्या की माझा श्वास अडकायचा. मागच्या वेळी ती शांतता मी ऐकली होती. सांगितल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने "मागील बाळ 31 आठवड्यांत पोटात गेलं" असंही लिहून ठेवलं होतं. नव्या सिस्टरने "पहिलं मूल केवढं आहे?" विचारायची वेळ त्यामुळे टळली.

28 आठवड्यांपासून कुशीवर झोपा, डावी किंवा उजवी. रात्री जाग आल्यावर पाठीवर असाल तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. हालचालीचा अमुकच आकडा सगळ्या बाळांना लागू होत नाही. तुमच्या बाळाची रोजची तऱ्हा ओळखा : जेवल्यावर हलतं का, रात्री दहाला लाथा मारतं का. ती तऱ्हा बदलली, हालचाल मंदावली, तर गार पाणी पिऊन, गोड खाऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी निघायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. घरी वापरायच्या डॉप्लर यंत्रावर विसंबू नका. त्यात ठोके ऐकू आले म्हणून बाळ सुखरूप आहे असं ठरत नाही. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे चांदण्या, अंगावरून रक्त जाणं, पोट दगडासारखं होणं, यालाही थांबायचं नाही. 102 किंवा 108 ला फोन करा.

घरातली माणसं

मागच्या वेळी ज्या आठवड्यात बाळ गेलं, तो आठवडा जवळ आला की झोप उडते. त्या आठवड्यात एक जादा तपासणी मागून घ्या. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात बाळ गेलेल्या बायकांच्या पुढच्या गरोदरपणासाठी खास रेनबो क्लिनिक सुरू झालं आणि पुढे ते इतरत्रही पसरलं. नेहमीचेच डॉक्टर आणि जास्त सोनोग्राफी, असा तिथला बेत. आपल्याकडे असं क्लिनिक जवळ नसलं तरी शक्यतो एकच डॉक्टर धरून ठेवता येतात.

डोहाळजेवण मला नको होतं. सासूबाईंना आधी वाईट वाटलं. मग त्यांनीच पाचजणींना न बोलावता एकटीने माझी ओटी भरली आणि म्हणाल्या, "तुला हवं तेव्हा बाकीचं." तुम्हाला थाटात करायचं असेल तर तसंही करा. कुणी पायगुण, करणी, ग्रहण असं काढलं तर रिपोर्टच त्यांच्यासमोर ठेवा. नवऱ्यालाही दुःख असतं, त्याला सोनोग्राफीच्या खोलीत सोबत घ्या. मन फारच काळवंडलं तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

बाळंतपण आणि नंतरचे 42 दिवस

रक्तपेढी आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय सातव्या महिन्यातच पक्कं करा आणि भूलतज्ज्ञांना एकदा भेटून घ्या. हेपरिनच्या नेहमीच्या प्रतिबंधक डोसनंतर 12 तास गेल्याशिवाय पाठीत इंजेक्शन देऊन भूल देत नाहीत. मोठ्या डोसनंतर 24 तास. म्हणून शेवटचा डोस किती वाजता घेतला, हे वहीत तारीख-वेळेसह हवं. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, दवाखान्यात पोचायचं आणि ती वेळ सांगायची. बाळंतपण कधी, हे बहुधा 37 ते 39 आठवड्यांमध्ये तुमच्या एकूण परिस्थितीवर ठरतं. भीतीपोटी त्याच्या आधीचा मुहूर्त मागू नका, बाळाची फुप्फुसं तयार व्हायची असतात. मागचं बाळ गेलं म्हणून सिझेरियनच करावं लागतं असंही नाही.

बाळ हातात आलं की घरातल्या सगळ्यांना वाटतं, सुटलो. पण आईला गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. एपीएसमध्ये बहुधा 6 आठवडे इंजेक्शन चालू ठेवतात. अंगावर पाजताना हेपरिन चालतं, वॉर्फेरिनही चालतं. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवर झोपवून ठेवायची पद्धत इथे मोडा, दिवसातून चार वेळा घरातल्या घरात चालू द्या.

पाळणा लांबवण्यासाठी माला-डी, माला-एन या गोळ्या घेऊ नका. दोन्हींत इस्ट्रोजेन असतं आणि त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो. कॉपर-टी चालते.

शेवटी एक कार्ड करा. त्यावर आजाराचं नाव, दोन्ही पॉझिटिव्ह रिपोर्टच्या तारखा, रक्तगट, "इस्ट्रोजेन नको" आणि डॉक्टरांचा फोन नंबर. पुढे कधी कुठलंही ऑपरेशन ठरलं, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, तर हे कार्ड आधी दाखवायचं. माझं लॅमिनेट करून पर्समध्ये आहे. एक प्रत नवऱ्याच्या पाकिटात, आणि एक आईने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आहे, माझ्या मुलीच्या पायाच्या ठशांच्या कागदाशेजारी.